बाबांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर: एकच ईएल८४ लाल होतो, हमिंगही जात नाही

पांढरीपाच, नागपूर
२६ मे, रात्री ११:४०

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते. "वाजत नाही, काय करू?" एवढंच विचारणाऱ्यांची इथे काय गत होते ते मी वाचलेलं आहे.

हा ॲम्प्लिफायर कुठल्या कंपनीचा नाही, माझ्या बाबांनी बांधलेला आहे. १९६७ साली, महालातल्या घरी. ते तारखात्यात होते. दिवसभर तिथे कडकट्ट करून यायचे आणि घरी आले की पुन्हा तारांतच डोकं. सर्किट मुलार्ड कंपनीचं फाइव्ह-टेन, म्हणजे पाच व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, आतून तापणाऱ्या काचेच्या नळ्या) आणि दहा वॅट. व्हॉल्व्हचे नंबर असे: पुढे ईएफ८६, मग ईसीसी८३, शेवटी स्पीकर हलवणारी ईएल८४ ची पुशपुल जोडी, म्हणजे एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि सप्लायला एसीचं डीसी करणारा ईझेड८१. ईएल८४ दोन्ही बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्स). चेसिसचा पत्रा इतवारीत ट्रंका करणाऱ्याकडून वाकवून घेतलेला, आतल्या बाजूला अजून ट्रंकेचा हिरवा रंग आहे. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांना टॉर्च धरायचं काम माझं. "हलवू नको" हे मी लहानपणी जितक्यांदा ऐकलं तितकं "अभ्यास कर"सुद्धा ऐकलं नसेल.

महालचं घर रिकामं करताना माळ्यावरून हा खाली आला. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी पोस्टातली नोकरी सोडली आहे, वेळ आहे, सोल्डरिंग येतं. आई म्हणते, "भंगारात दे नाहीतर वाजवून दाखव, मधलं काही नको."

आतापर्यंत काय केलं ते सांगते. थेट प्लग लावला नाही, आधी शंभर वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवर सुरू केला, म्हणजे आत शॉर्ट असेल तर बल्बच पेटून राहतो. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला, म्हणून पुढे गेले. फिल्टरचा, म्हणजे डीसीतली घरघर गाळणारा, ३२+३२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सरचा डबा फुगलेला होता, तो काढून १०० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन नवे लावले, मध्ये बाबांचा चोक (तारेची गुंडाळी) तसाच ठेवला. कॅथोडवरचा इलेक्ट्रोलिटिक बदलला. बेस साफ केले. बाकीचे मेणाचे कंडेन्सर एक टोक सोडवून मीटरवर तपासले, एकही लीक दाखवत नाही, म्हणून तसेच ठेवले. बाबांच्या हातचे आहेत, उगाच कशाला काढायचे.

आता दुखणं. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं ठीक चालतो. मग डावीकडच्या ईएल८४ ची आतली प्लेट कडेने लाल व्हायला लागते, शेगडीतल्या निखाऱ्यासारखी. खोलीतला दिवा बंद केला की स्पष्ट दिसतं. उजवीकडचा थंड. दोघांची अदलाबदल करून पाहिली, तरी डावीकडे जो असेल तोच लाल. रात्री जास्त होतं, दुपारी कमी.

दुसरं म्हणजे हमिंग. मी पेटी वाजवते आणि पांढरी पाचमध्ये गाते, नावावरून कळलं असेलच. स्पीकरमधून येणारा घूंऽऽ पेटीवर लावून पाहिला, तर खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. म्हणजे हे यंत्र माझ्याच पट्टीत गातं आहे. व्हॉल्यूम शून्य केला तरी फरक नाही. फिल्टर नवे, तेही मोठे, तरी हमिंग का? कूलर चालू असला की हे ऐकू येत नाही, म्हणून कूलर बंद करून बसावं लागतं. नवतपा सुरू आहे, खोलीत पाच तापलेले व्हॉल्व्ह आणि मी. नागपूरकरांना जास्त सांगायला नको.

बाबांची वही आहे. त्यात सर्किट काढून प्रत्येक पिनजवळ पेन्सिलीने व्होल्टेज लिहिलेलं आहे. लागलं तर सांगते.


डोंबिवली_फास्ट
२७ मे, सकाळी ८:१५

सोपं आहे. ईएल८४ ची नवीन मॅच्ड जोडी (सारखा करंट ओढणारी) मागवा. ईझेड८१ काढून टाका आणि त्याच्या बेसवर दोन १एन४००७ डायोड लावा, गरम होणारा एक व्हॉल्व्ह कमी आणि आवाजही दमदार. माझ्या सेटला हेच केलं, मस्त चाललाय.


इतवारी_रेडिओवाला
२७ मे, सकाळी १०:०५

ताई, आधी एक काम करा. मशीन बंद करा आणि मी सांगतो तोवर लावू नका. लाल झालेला ईएल८४ दहा मिनिटं पाहत बसलं की तो कामातून जातेच, वरून आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकते. व्हॉल्व्ह मिळून जाईल. बाबांनी जो ट्रान्सफॉर्मर लावला तो मिळणार नाही.

डोंबिवलीच्या भाऊंचं ऐकू नका, राग मानू नये. ईझेड८१ हळूहळू गरम होते, म्हणून एचटी, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारं मोठं डीसी व्होल्टेज, हळूहळू चढते, तोवर बाकीचे व्हॉल्व्हही तापून करंट ओढायला लागतात. डायोड लावला की बटन दाबल्याबरोबर पूर्ण व्होल्टेज, आणि ओढणारं कोणी नाही. तुमचा ट्रान्सफॉर्मर २८०-०-२८० चा असेल तर त्याचं शिखर होते ३९६ व्होल्ट. लाईन चढी असली तर ४४० च्या वर. ४५० चा कंडेन्सर काठावर उभा राहते आणि ४०० चा असला तर फटाका. भाऊंचा सेट चालून राहिला तर चांगलंच आहे, पण लोकांना सांगू नये.

आता तुमची चूक. ईझेड८१ च्या पुढे १०० मायक्रोफॅरड काहून लावला? त्याच्या कंपनीच्या कागदावर ५० च्या वर जाऊ नका असं लिहिलेलं आहे. सुरू करताना त्याच्यात निळी ठिणगी दिसते का? दिसत असेल तर लवकरच तो तुमचा निरोप घेईल. पहिला कंडेन्सर ४७ चा लावा. चोकच्या नंतरचा १०० चालेल.

आणि व्हॉल्व्ह आलटून-पालटून पाहिले हे सगळ्यांत शहाणपणाचं केलं. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली नाही, जागेवरच राहिली. मंग रोग व्हॉल्व्हचा नाही, त्या जागेचा आहे. मॅच्ड जोडी आणली असती तर चार हजार रुपयांची जोडी त्याच जागी लाल झाली असती.

आता मोजायचं. मीटरची काळी तार मगर-क्लिपने चेसिसला लावून टाका, म्हणजे एकच हात आत जाईल, दुसरा मागे ठेवा. हातातल्या बांगड्या काढा, काचेच्या असल्या तर राहू द्या, सोन्याच्या नको. ईएल८४ चा बेस खालून पाहायचा, जिथे फट मोठी आहे तिथून घड्याळाच्या दिशेने मोजायचं. दोन नंबर ग्रिड (करंटचा लगाम), तीन कॅथोड (इलेक्ट्रॉन निघतात ती जागा), सात प्लेट (पोहोचतात ती), नऊ स्क्रीन (मधली दुसरी जाळी). लाल व्हायच्या आधी, दहाव्या मिनिटाला, दोन्ही व्हॉल्व्हचे दोन, तीन आणि सात नंबर मोजून बंद करा. बंद केल्यावर हात लावायच्या आधी दहा किलोओहम पाच वॅटचा रेझिस्टन्स कंडेन्सरवर धरा आणि मीटर शून्य दाखवेपर्यंत थांबा. माझ्या दुकानात एक पोरगा थांबला नव्हता, समोरच्या भिंतीला जाऊन लागला होता.

वहीतली व्होल्टेजही लिहा.


हॉस्टेल_ब्लॉक_पाच
२७ मे, दुपारी १:२०

काका म्हणतात ते मोजाच, पण हमिंगबद्दल एक गोष्ट. पांढरी पाच, म्हणजे जी. खालचा जी आहे ९८ हर्ट्झ, आणि तुम्ही "किंचित चढी" म्हणताय म्हणजे १००. ईझेड८१ दोन्ही बाजूंनी रेक्टिफाय करतो म्हणून सप्लायमधली हमिंग १०० ची येते. हीटरमधून (व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार) किंवा अर्थच्या गडबडीतून आली तर ५० ची. पण ५० चा सूरही तोच, फक्त एक सप्तक खाली, आणि छोट्या स्पीकरवर मूळ ५० ऐकूच येत नाही, त्याचा वरचा १०० तेवढा ऐकू येतो. त्यामुळे पेटीवर नुसता सूर जुळवून भागणार नाही. आवाजाची जात बघा: १०० ची असेल तर खरखरीत, मधमाश्यांसारखी. ५० ची असेल तर गोल, पोटात बसणारी.

खात्रीसाठी पुढून एकेक व्हॉल्व्ह काढत जा. ईएफ८६ काढल्यावर हमिंग गेली तर दोष त्याच्या आधी, नाही गेली तर पुढे.


इतवारी_रेडिओवाला
२७ मे, दुपारी १:५५

बाळा, सूर-सप्तकाचं चांगलं सांगितलं, पण व्हॉल्व्ह काढायला सांगू नको. या सर्किटात ईएफ८६ ची प्लेट आणि ईसीसी८३ ची ग्रिड थेट जोडलेली आहे, मध्ये कंडेन्सर नाही. ईएफ८६ काढला की त्या ग्रिडवर सगळी एचटी जाते. आणि ईसीसी८३ काढला तर त्याची प्लेट पूर्ण एचटीवर चढते, मंग पुढचा कंडेन्सर जो आधीच रडून राहिला आहे त्याच्यावर अजून भार. पुस्तकातली युक्ती दर सर्किटाला चालत नाही.


पांढरीपाच
२७ मे, रात्री १०:३०

काका, निळी ठिणगी खरंच दिसायची. मला वाटायचं व्हॉल्व्ह असेच असतात. ४७ चा लावला. बर्डीला मोदी नंबर तीनमध्ये मिळाला, दुकानदाराने आधी विचारलं, "मॅडम, कूलरच्या मोटरला पाहिजे का?"

मोजलं ते असं. पहिल्या कंडेन्सरवर ३१८ व्होल्ट. कॅथोड दोन्हींचा एकच आहे, बाबांनी दोघांना मिळून १३० ओहम लावला आहे, त्यावर १२.८ व्होल्ट. उजव्या व्हॉल्व्हची ग्रिड शून्य. डाव्याची ग्रिड ५.६, अधिक. उणे नाही, अधिक. दोनदा पाहिलं. आणि मोजता मोजता ती वर सरकत होती, ५.६ वरून ५.९.

बाबांच्या वहीत कॅथोडजवळ १०.२ लिहिलं आहे. ग्रिडजवळ दोन्हीकडे शून्य, शून्याला त्यांनी गोल केला आहे. म्हणजे काहीतरी झालं आहे तिथे, पण त्या जागचा कंडेन्सर मी मीटरवर पाहिला होता हो. ओहमवर काहीच दाखवत नव्हता.


हॉस्टेल_ब्लॉक_पाच
२७ मे, रात्री ११:१०

ताई, आता हिशेब जमतो. १२.८ भागिले १३० म्हणजे दोघांचा मिळून ९८ मिलिॲम्पियर. निम्मा-निम्मा धरला तर काही कळणार नाही, म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मर वापरा. बंद असताना मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स मोजून ठेवा आणि चालू असताना त्याच दोन जागांवर किती व्होल्ट पडतात ते बघा. ओहमच्या नियमाने प्रत्येक व्हॉल्व्हचा करंट वेगळा मिळेल. काळजीपूर्वक, दोन्ही टोकं एचटीवर असतात. क्लिपा बंद असताना लावा, मग चालू करा.


पांढरीपाच
२८ मे, सकाळी ७:५०

सकाळी आई उठायच्या आत करून टाकलं. डावा अर्धा १४८ ओहम, उजवा १६२. चालू असताना डावीकडे १०.५ व्होल्ट, उजवीकडे २.६. म्हणजे डावा ७१ मिलिॲम्पियर, उजवा १६. बाकीचे स्क्रीनचे धरले तर ९८ बरोबर येतात. पोस्टात रोजचा हिशेब जुळला की जसं वाटायचं तसं वाटलं.


इतवारी_रेडिओवाला
२८ मे, सकाळी ९:३०

घ्या. डाव्यावर २९५ व्होल्ट आणि ७१ मिलिॲम्पियर, म्हणजे २१ वॅट. ईएल८४ ची प्लेट सोसते १२. लाल नाही होणार तर काय होईल.

आता हमिंगही त्याच्यातच आहे, वेगळा रोग नाही. पुशपुलमध्ये एचटीवरची घरघर दोन्ही व्हॉल्व्हमधून सारखी जाते आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये समोरासमोर येऊन मिटते. म्हणून तर पुशपुलला साधा फिल्टर चालून जाते. पण इथे एक बैल ७१ ओढून राहिला आणि दुसरा १६. घरघर मिटणार कशी? तुम्ही हजार मायक्रोफॅरड लावले असते तरी पूर्ण गेली नसती. आणि उजवा बिचारा काम का करत नाही? कॅथोड दोघांचा एकच. डाव्याने करंट वाढवला की कॅथोड वर चढते, म्हणजे उजव्याचा बायस (कॅथोडच्या मानाने ग्रिडचं व्होल्टेज) अजून उणे होते, तो अजून झोपते. एकाच्या दुखण्यात दुसरा उपाशी.

कंडेन्सर मीटरवर चांगला दिसला याच्यात नवल नाही. तुमचं मीटर ओहम पाहताना एक-दोन व्होल्ट लावते आणि दोन मेगच्या वर काही दाखवत नाही. त्या कंडेन्सरवर, म्हणजे ईसीसी८३ ची प्लेट आणि डाव्या ग्रिडच्या मधल्यावर, इकडे १९० व्होल्ट आहेत. लीक तीस मेगचा जरी असला तरी सहा मायक्रोॲम्पियर निघतात, ग्रिड अधिक व्हायला तेवढे पुरे, आणि ग्रिड अधिक झाली की व्हॉल्व्ह जास्त करंट ओढते. वरून ते मेणाचे, चेसिस तापला की मेण नरम आणि लीक वाढला. म्हणून पंधरा मिनिटं शहाणा राहते.

खात्री करायची असेल तर ग्रिडकडचं एक टोक सोडवा. ग्रिडचा जमिनीकडचा रेझिस्टन्स हलवू नका, तो गेला तर व्हॉल्व्हला लगाम नाही. सुटलेल्या टोकापासून चेसिसपर्यंत मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, वीस मिनिटं चालू राहू द्या. चांगला कंडेन्सर शून्याजवळ येऊन बसते.

दुसऱ्या बाजूचाही बदला, तो त्याचाच जुळा भाऊ आहे. ०.१ चे, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर लावा. जुने फेकू नका, पाहिजे तर मेण वितळवून पोटात नवे टाका, वरून बाबांचेच दिसतील. मी रेडिओंना तसं करतो, गिऱ्हाईक खूश.

एक विचारायचं राहिलं. वहीत कुठे लाईनचं व्होल्टेज लिहिलं आहे का?


पांढरीपाच
२९ मे, रात्री १२:२०

सुटलेल्या टोकावर ४७ व्होल्ट! शून्याजवळ कुठलं? सुरुवातीला ३० होते आणि वीस मिनिटांत ४७. उजव्या बाजूच्या जुळ्या भावाचे ३. तोही निघाला. मी "एकही लीक दाखवत नाही" असं पहिल्या पोस्टमध्ये ठामपणे लिहिलं होतं, ते वाचून आता हसू येतं. बाबांच्या हातचा म्हणून जो मी जपला तोच नेमका.

दोन्ही बदलले. टोक सुटलेलं होतं म्हणून ग्रिडचे रेझिस्टन्सही मोजून घेतले. रंग पिवळा-जांभळा-पिवळा, म्हणजे ४७० किलो. उजवा ५२० निघाला. डावा ९१०! रंग अजून ४७० चेच सांगतात. तो अजून बदललेला नाही, घरात नव्हता आणि रात्री नऊला बर्डीत कोण देणार.

आता लाल होत नाही. पण पूर्ण खूश नाही. सुरू केल्यावर डावी ग्रिड शून्य, पंचवीस मिनिटांनी ०.९ व्होल्ट, अधिकच. व्हॉल्व्ह पुन्हा अदलाबदल केले, तर या वेळी ते व्होल्टेज व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेलं, पण तिथे ०.५ च झालं. हमिंग बरीच कमी, कूलर बंद करून स्पीकरला कान लावला तर येते.

आणि काका, वहीत आहे. पानाच्या कोपऱ्यात, मला वाटायचं ती पानाचा नंबर असेल: "मे. २१८". मेन्स! मी आत्ता रात्री सॉकेटमध्ये मोजलं, २४६.


इतवारी_रेडिओवाला
२९ मे, सकाळी ९:१०

मंग सुटलं कोडं. रात्री जास्त आणि दुपारी कमी का, तेही. दुपारी सगळ्या नागपूरचे कूलर-एसी चालू, लाईन दबलेली. रात्री उशिरा चढते.

ट्रान्सफॉर्मरला पाट्या असतील, २००-२२०-२४०. बाबांनी त्यांच्या वेळच्या लाईनप्रमाणे २२० ला लावलं, त्यांचं बरोबर होतं. तुम्ही २४० ला न्या.

दुसरं, ०.९ व्होल्ट. या वेळी ते व्हॉल्व्हबरोबर गेलं, म्हणजे आता रोग व्हॉल्व्हचा. इतके दिवस लाल झाला, आत थोडी हवा सुटली, ग्रिड करंट वाहून राहिला. एक मायक्रोॲम्पियर समजा. ९१० किलोवर ०.९ व्होल्ट, ५२० वर ०.५, तुमच्या मोजण्यात तेच आलं. ४७० चा नवा लावला की अर्ध्या व्होल्टच्या आत राहील. टोकाची चंदेरी टिकली पाहा. चंदेरी आहे तोवर चालवा. पांढरी पडली तर तो व्हॉल्व्ह गेलाच समजा. काचेच्या आतल्या बाजूला निळी झाक असली तर घाबरू नका, ती असतेच. दोन पत्र्यांच्या मधात जांभळं धुकं दिसलं तर मात्र काढून ठेवा.


हॉस्टेल_ब्लॉक_पाच
२९ मे, सकाळी ११:४५

२२० ची पाटी आणि २४६ ची लाईन म्हणजे हीटरही ६.३ ऐवजी ७ व्होल्टवर चालत होते. ते पाचही व्हॉल्व्हचं आयुष्य खातं, नुसत्या ईएल८४ चं नाही. २४० वर नेल्यावर साधारण ६.४-६.५ यायला हवेत. मोजून सांगा.

आणि प्लग दोन पिनचा असेल तर आत्ताच तीन पिनचा करा, चेसिस अर्थला. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणीही टाका.


पांढरीपाच
३१ मे, रात्री ९:००

पाटी २४० वर. हीटर ६.४. एचटी ३००. ४७० किलोचे दोन नवे. कॅथोड १०.३, वहीत १०.२ आहे. डावीकडे ५.७ व्होल्ट पडतात, उजवीकडे ५.५, म्हणजे ३८ आणि ३४ मिलिॲम्पियर. अर्धा तास दिवा बंद करून दोघांकडे बघत बसले, कुणी लाल झालं नाही. तीन पिनचा प्लग केला. खड्ड्यात पाणी टाकताना शेजारच्यांनी विचारलं, तुळस कुठे आहे म्हणून.

हमिंग आता स्पीकरला कान लावला तरच, आणि खरखर नाही, गोल आहे. ब्लॉक पाच, ती तुझी ५० ची असणार. हीटरच्या दोन्ही तारांना पीळ नाही, बाबांनी चेसिसच्या कडेने सरळ नेल्या आहेत. त्या पावसाळ्यात करेन. आत्ता त्या उचकटण्याची हिंमत नाही.

आईला ऐकवलं. तिने पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आवाज त्यांच्या वेळी जास्त होता." मी पुरावा म्हणून वही दाखवली, १०.२ आणि १०.३. ती म्हणाली, "ते व्हॉल्यूम जास्त ठेवायचे."

एक शेवटचं. ईएफ८६ ला नखाने टिचकी मारली की स्पीकरमधून घंटेसारखा टण्ण आवाज येतो आणि थोडा वेळ घुमत राहतो. हा पण बदलायचा का?


डोंबिवली_फास्ट
३१ मे, रात्री ९:४०

अभिनंदन ताई. मी काल माझा सेट उघडला. कंडेन्सर ४०० व्होल्टचे आहेत. बंद करून ठेवला आहे.


इतवारी_रेडिओवाला
३१ मे, रात्री १०:१५

डोंबिवलीचे भाऊ, बरं केलं.

ताई, ईएफ८६ सगळ्यात पुढे बसते, त्याच्यावर जे पडते ते पुढे शेकडो पट होऊन निघते. आतली ग्रिड हलली की घंटा वाजते. तुमच्या बाबांनी त्याच्या बेसखाली रबराचे वॉशर दिले होते का पाहा. साठ वर्षांत ते कडक झाले असतील, नवे टाका, सायकलच्या ट्यूबचे कापून चालतात. स्पीकर त्याच टेबलावर असेल तर खाली ठेवा. एवढं करून गाण्यात घंटा येत नसेल तर व्हॉल्व्ह चांगला आहे.

टिचकी मारू नका, झालं.